दोन कागद आणि एक माणूस



एका माणसाचे दोन कागद जुळत नाहीत. कोतवाल बुकाच्या नकलेत जन्म १९५१ चा आहे, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात १ जुलै १९५३ लिहिलेले आहे. एका कागदावर नाव एक, दुसऱ्यावर दुसरे. असा माणूस कचेरीत किंवा कोर्टात उभा राहिला म्हणजे त्याला विचारले जाते, यातला खरा तू कोणता? मला या लेखात आपल्यापुढे दोनच प्रश्न ठेवायचे आहेत. कागद आपसांत भांडत असतील तर त्यामुळे माणूस खोटा ठरतो काय? आणि ते भांडण मिटविण्यासाठी तिसरा कागद, म्हणजे खोटा कागद, करून घेणे पंचशील घेतलेल्या माणसाला शोभते काय?

हे वकिलांचे काम आहे, आपल्याला त्याच्याशी काय करायचे, असे कृपा करून म्हणू नका. आपण नुकतीच दीक्षा घेतली आहे. दीक्षेबरोबर कित्येकांनी मुलांची नावे बदलली, कोणी स्वतःचे नाव बदलले, धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहायला सुरुवात केली. म्हणजे इतरांच्या घरात कागदांची जी तफावत आहे, ती आपल्या घरात दुप्पट आहे. आणि नागरिकत्वाचा पुरावा मागण्याचे दिवस आलेले आहेत. तेव्हा हा विचार आजच केलेला बरा.

मी शिक्षक आहे, आणि आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला. दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे काय चीज आहे हे मला रोज पाहावे लागते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या कोणत्याही जुन्या शाळेतले रजिस्टर उघडा. पानेच्या पाने १ जून आणि १ जुलै या तारखांनी भरलेली दिसतील. एका गावची सगळी मुले एकाच दिवशी जन्मली काय? तसे नाही. बाप शेतावर, आई निंदणाला. पोराला कोणीतरी हाताला धरून शाळेत आणून सोडत असे. गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. हात पोचला की पोरगा सहा वर्षांचा झाला! मग शाळा उघडण्याची तारीख धरून सहा वर्षे मागे मोजायची आणि जन्मतारीख लिहून टाकायची. त्या गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. पण ती तारीख जन्माची नव्हती, हाताच्या लांबीची होती, हे मात्र लक्षात ठेवले पाहिजे.

कोतवाल बुकाची गोष्ट निराळी. त्यात तारीख पुष्कळदा खरी असते, पण माणूस सापडत नाही. कारण नोंद बापाच्या नावाने होई: अमक्यास मुलगा झाला, जात महार, तारीख अमुक. मुलाचे नाव लिहिण्याची रीत फारशी नव्हती. नाव ठेवायच्या आधीच वर्दी जाई. ज्या काळात पहिली दोन मुले दगावून तिसरे जगत असे, त्या काळातली 'मुलगा झाला' ही नोंद कोणत्या मुलाची? नक्कल हाती येते ती कधी कधी गेलेल्या भावाची असते, आणि कागद घेऊन उभा राहिलेला असतो त्याच्यामागून आलेला. कोणी कोणाला फसविलेले नसते. शिवाय गावाच्या वर्दी वाहणारा, मर्तिकाचे निरोप पोचविणारा माणूस हा आपल्याच वाड्यातला असे, आणि ज्या वहीत त्याने सांगितलेले लिहिले जाई ती वही वाचण्याचा अधिकार त्याला नव्हता. आपले पूर्वज दप्तराच्या इतके जवळ होते आणि दप्तरापासून इतके दूर ठेवलेले होते.

यावर राज्यांच्या अदलाबदलीची भर घाला. १९३५ च्या सुमारास मेहकरकडे जन्मलेली एक म्हातारी डोळ्यांपुढे आणा. तिच्या जन्माच्या वेळी वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेले होते. स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश झाला. १९५६ च्या १ नोव्हेंबरला तिचे गाव द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आला. तिने घर बदलले नाही, विहीर बदलली नाही, राज्य मात्र चार झाली. आणि जर ती देऊळगाव राजाला सून म्हणून पलीकडच्या जाफराबादेहून आलेली असेल, तर तिचे माहेर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि माहेरची कागदपत्रे उर्दूत. सासरी तिचे नाव बदलले, ते कोणत्या वहीत चढले? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या केल्या तेव्हा देशभर सुमारे २८ लाख स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही; अमक्याची बायको, अमक्याची आई एवढेच सांगितले, आणि म्हणून त्यांना यादीतून वगळावे लागले. आपला जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. आज त्या म्हातारीच्या नातवाला जुन्या यादीत आजीचे नाव दाखव म्हटले, तर त्याने काय दाखवावे?

कोणी म्हणेल, हे अडाण्यांचे झाले. तर मग परमपूज्य बाबासाहेबांचेच उदाहरण घेऊ. वडील रामजी मालोजी सकपाळ, पलटणीतले सुभेदार. मूळ गाव कोकणातले आंबडवे. मुलाचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, तोही तिकडे महूच्या छावणीत. आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात नाव पडले भिवा रामजी आंबेडकर. पुढे जगाने ओळखले ते भीमराव म्हणून. आजच्या एखाद्या कचेरीत हे कागद नाव न सांगता टेबलावर ठेवा. बापाचे आडनाव जुळत नाही, मुलाचे नाव जुळत नाही, जन्माचे ठिकाण आणि मूळ गाव जुळत नाही, म्हणून अर्ज परत येईल. ज्याने या देशाची घटना लिहिली त्याचा!

त्या घटनेत नागरिक कोणाला म्हटले आहे, ते पाहिले पाहिजे. नागरिकत्वाच्या कलमाइतका त्रास दुसऱ्या क्वचितच कलमाने मसुदा समितीला दिला असेल, असे बाबासाहेबांनी १९४९ च्या ऑगस्टमध्ये घटना समितीत सांगितले होते. फाळणी होऊन दोन वर्षे झाली होती, लाखो माणसे इकडची तिकडे होत होती. तरीही पाचवे कलम कसे निघाले पाहा. भारतात कायमचे वास्तव्य असावे, आणि त्याबरोबर स्वतःचा जन्म येथला असावा, किंवा आईबापांपैकी एकाचा जन्म येथला असावा, किंवा किमान पाच वर्षे येथे राहणे झालेले असावे. त्या कलमात दाखल्याचा शब्द नाही. ज्या देशात बहुसंख्यांना अक्षर येत नव्हते, तेथे माणसाच्या नागरिकत्वाला कागदाच्या खुंटीला टांगणे हा अन्याय झाला असता. पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा आला. त्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो येथे जन्मला तो जन्माने नागरिक. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एकजण नागरिक असावा लागतो, आणि ३ डिसेंबर २००४ पासून अट आणखी कडक झाली: दोघेही नागरिक, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. म्हणजे आपल्या मुलांचे नागरिकत्व आपल्या जन्मावर टेकलेले आहे, आणि ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांच्यावर सर्वांत जास्त भार आहे. नेमक्या त्यांच्याच नोंदी सर्वांत कच्च्या. जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभर एकच कायदा झाला तो १९६९ साली.

आता कोर्टात काय होते? माझा असा अनुभव आहे की आपली माणसे कोर्टाला फार भितात आणि कागदाला त्याहून जास्त. त्यांना वाटते, कागदावर शिक्का आहे म्हणजे तो शेवटचा शब्द. न्यायशास्त्र मात्र असे म्हणत नाही. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निवडणुकीच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, शाळेच्या रजिस्टरातली जन्मतारीख पुरावा म्हणून दाखल होऊ शकेल, पण ती तारीख कोणी सांगितली, आईबापाने की ज्याला जन्माची खास माहिती आहे अशा कोणी, हे सिद्ध झाल्याशिवाय तिला वजन नाही. २००९ साली आपल्या महाराष्ट्रातलेच, नवी मुंबईच्या सिडकोतील एका कर्मचाऱ्याच्या जन्मतारखेचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे गेले. तेथे कायद्याने ठेवलेली जन्मनोंद आणि शाळेची नोंद यांच्यात विरोध होता. न्यायालयाने जन्मनोंदीला वरचढ मानले, कारण कायद्याने ज्याच्यावर काम सोपविले त्याने ती त्या वेळी केलेली असते.

वाचकहो, यातले मर्म आपल्याला परके नाही. केसपुत्त गावच्या कालामांनी भगवंताला विचारले, जो येतो तो आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? तेव्हा भगवंतांनी त्यांना ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, असे सांगितले. लेखी आहे एवढ्याने गोष्ट खरी होत नाही. कोणी सांगितले, त्याला कसे कळले, केव्हा लिहिले, हे विचारायचे असते. कागद हा साक्षीदार आहे. साक्षीदार थकलेला असतो, ऐकीव बोलतो, कधी हात कानाला पोचला म्हणून वय सांगतो. त्याची उलटतपासणी करावी लागते. दोन साक्षीदार निरनिराळे बोलले, तर ज्याच्याविषयी ते बोलतात तो माणूस लबाड कसा ठरेल?

पण सगळीकडे हा न्याय मिळतो असे सांगून मी आपल्याला खोटा धीर देणार नाही. परकी ठरविण्याच्या खटल्यात आपण परके नाही हे सिद्ध करण्याचा बोजा १९४६ च्या कायद्याने त्या माणसावरच टाकला होता, आणि २०२५ च्या नव्या कायद्यातही तो तेथेच आहे. चोरीच्या खटल्यातही चोरी सिद्ध करण्याचे काम सरकारचे असते. येथे उलट आहे. आसाममधल्या एका माणसाला २०१२ साली न्यायाधिकरणाने परकी ठरविले. नावांच्या स्पेलिंगात आणि तारखांत फरक होते. तो हरत-लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै २०२४ मध्ये न्यायालयाने त्याला भारतीय ठरविले. बारा वर्षे! न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. केवळ संशय घेऊन कोणालाही सिद्ध कर म्हणता येत नाही, सरकारजवळ आधी काही आधार पाहिजे. आणि आपल्या देशात स्पेलिंगाचे व तारखांचे बारीकसारीक फरक असणारच, तेवढ्यावरून माणसाचे नागरिकत्व जात नाही. मुंबईतही पाहा. २०२० साली तेथल्या एका दंडाधिकाऱ्याने मतदार ओळखपत्र हा नागरिकत्वाचा पुरेसा पुरावा धरून एका जोडप्याला सोडले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने जामिनाच्या एका अर्जात सांगितले की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड असले एवढ्याने कोणी नागरिक होत नाही. आधारच्या कायद्यातच लिहिले आहे की ते नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. गरीब माणूस पाकिटात प्लास्टिकची तीन कार्डे घेऊन निर्धास्त झोपतो, त्याने हे ऐकून ठेवावे.

आता दुसरा प्रश्न. तो मला जास्त अवघड वाटतो.

तहसील कचेरीच्या आवारात कोणीतरी भेटतोच. तो म्हणतो, काका, काळजी सोडा, जुळवून देतो. एक जुना दाखला, एक प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार, हजारात काम. माणूस घरी येऊन विचार करतो: मी येथलाच आहे, माझा बाप येथलाच, आजा येथल्याच मातीत गेला. गोष्ट खरी आहे, फक्त कागद नाही. खऱ्या गोष्टीसाठी खोटा कागद केला तर कोणाचे काय बिघडले? हा युक्तिवाद पोकळ नाही. ज्याच्या लेकराचा प्रवेश अडला आहे त्याला मुसावादापासून विरत राहण्याचे चौथे शील नुसते ऐकवून चालत नाही. ज्या समाजाने त्याला वही दाखविली नाही, त्याच समाजाने आज त्याच्याकडे वहीचा उतारा मागावा, यात पाप कोणाचे जास्त, हे मला चांगले कळते.

तरीही माझे उत्तर 'करू नये' असेच आहे. एक कारण व्यवहाराचे. खरी तफावत समजावून सांगता येते. गुरुजींनी १ जुलै का लिहिले, आईचे नाव दोन का, हे सांगायला माणसे असतात, रीत असते, न्यायालयाला ती ठाऊक असते. खोट्या कागदाला मात्र पुढे समजावणी नसते. तो सापडला की त्याच्या शेजारचे खरे कागदही काळे पडतात. गुन्हा दाखल होतो तो वेगळाच. २०२३ च्या दुरुस्तीने वर्ष उलटून गेलेल्या जन्मनोंदीचा आदेश देण्याचे काम प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांकडून महसुली दंडाधिकाऱ्यांकडे गेले. पुढे खोट्या दाखल्यांच्या तक्रारी उठल्या, आणि २०२५ मध्ये राज्य शासनाने उशिराच्या नोंदीचे नियम कडक केले. आधी दिलेले दाखलेही तपासणीखाली आले. त्यात ज्यांचे खरे होते त्या गरिबांनाही हेलपाटे पडले. दुसऱ्याच्या लबाडीची किंमत आपण मोजतो. आपल्या लबाडीची किंमत आपल्या शेजारचा मोजील.

दुसरे कारण आपल्या स्वतःच्या इतिहासातले आहे आणि ते मला अधिक मोलाचे वाटते. १९५६ च्या दीक्षेनंतर आपल्या वडीलधाऱ्यांपुढे हाच पेच होता. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. महाराष्ट्र राज्याने आपल्यापुरत्या सवलती १९६० पासून दिल्या, पण केंद्राच्या सवलती आणि राखीव जागा हव्या तर कागदावर 'हिंदू' राहणे भाग होते. घरात तथागतांची प्रतिमा आणि अर्जात धर्म हिंदू, अशी दोन कागदांची नव्हे तर दोन जिभांची वेळ आली. विदर्भातले डी. पी. मेश्राम १९६२ साली राखीव जागेवरून विधानसभेत निवडून आले. त्यांच्याविरुद्ध पंजाबराव नावाच्या मतदाराने दावा लावला की हे तर बौद्ध झाले आहेत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ मध्ये निकाल लागला: ज्याने उघडपणे, लोकांसमोर आपला जुना धर्म सोडून नवा स्वीकारल्याचे जाहीर केले, तो त्या धर्माचा झाला, विधी कसा झाला याची चौकशी नको. मेश्रामांची निवडणूक रद्द झाली. कायद्याने केलेला तो अन्यायच होता, कारण बुद्धाला शरण गेल्याने कोणाच्या घरापुढची गटार स्वच्छ झाली नव्हती. पण त्या निकालात एक गोष्ट अशी आहे की जिचा मला अभिमान वाटतो. देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायालयाने सांगितले की हा माणूस कोण, हे त्याच्या उघड बोलण्याने ठरते. आमचे बोलणे खरे धरले गेले. ते खरे होते म्हणून धरले गेले, आणि त्याचे नुकसान आम्ही सोसले.

ज्यांनी त्या चौतीस वर्षांत पोटासाठी 'हिंदू' लिहिले, त्यांना मी नावे ठेवणार नाही; उपाशी लेकराच्या बापाचा न्यायाधीश होण्याची माझी लायकी नाही. एवढेच सांगतो की १९९० साली संसदेने तो आदेश बदलून त्यात बौद्ध घातले, ते ज्यांनी उघड 'बौद्ध' लिहून नुकसान सोसले आणि मागणी लावून धरली त्यांच्यामुळे. सगळ्यांनीच कागद गुपचूप जुळवून घेतले असते, तर जुळत नाही ही तक्रार करायला कोण उरले असते?

आता कोणी विद्वान विचारील, धम्म तर जन्माला महत्त्व देत नाही. वसल सुत्तात भगवंतांनी जन्माने कोणी नीच होत नाही, कर्माने होतो, असे सांगितले. नागसेनांनी मिलिंद राजाला, 'नागसेन' हे नुसते व्यवहाराचे नाव आहे, असे समजाविले. मग जन्माच्या दाखल्यासाठी एवढी धावपळ कशाला? माझे म्हणणे असे की, नाव व्यवहाराचे असले तरी व्यवहार खोटा नसतो. रेशन व्यवहारानेच मिळते, मत व्यवहारानेच देता येते. जन्माने माणसाची किंमत ठरत नाही हे खरे. पण बाबासाहेबांनी आपल्याला मिळवून दिलेले नागरिकत्व आजच्या कायद्यात जन्मावरून मोजले जाते, हेही खरे. पहिले सत्य तोंडाने आणि दुसरे निष्काळजीपणाने पाळणारे लोक मी पाहतो, तेव्हा मला फार वाईट वाटते.

म्हणून करण्याजोगे सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना शाळा, मतदार यादी, नोकरी या सगळ्यांसाठी जन्माचा दाखला हाच मुख्य कागद झाला आहे. तेव्हा नाव ठरले की ते जन्मनोंदीत चढवून घ्या, बारशाच्या जेवणावळीची घाई त्यानंतर. दीक्षेनंतर नाव बदलणार असाल तर राजपत्रात छापून घ्या आणि जुन्या नावाचा एकही कागद फाडू नका. 'महार' लिहिलेला आजोबांचा कागद पाहून काही तरुणांना लाज वाटते; तो कागद तर पेटीत सर्वांत वर ठेवावा, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा असेल तर विशेषच, कारण जातीच्या पडताळणीला तोच उपयोगी पडतो. शाळेतली नोंद उघड चुकीची असेल तर शाळा सोडल्यावरही दुरुस्तीचा अर्ज करता येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये सांगितले आहे. अर्ज करा, पोच घ्या.

आणि एक काम असे आहे की त्याला कचेरीही लागत नाही. पुराव्याच्या कायद्यात, घरातले जे माणूस आता हयात नाही त्याने नात्यागोत्याविषयी जे सांगून किंवा लिहून ठेवले असेल ते विचारात घेतात. मात्र ते वाद उपस्थित होण्याच्या आधीचे असले पाहिजे. म्हणून घरात म्हातारे माणूस असेल तर येत्या रविवारी विहारातून आल्यावर वही घेऊन त्याच्याजवळ बसा. थोरला कधी झाला, ७२ च्या दुष्काळाच्या आधी की नंतर, तेव्हा कोणाच्या शेतावर खडी फोडत होता, मधले मूल गेले त्याचे नाव काय होते, माहेरचे नाव काय, सासरी काय ठेवले, पहिले मत कोणत्या गावात दिले, हे विचारा. ते जसे बोलतील तसे लिहा. वर त्या दिवसाची तारीख घाला, खाली सांगणाराचा अंगठा आणि लिहिणाराची सही घ्या. जे आठवत नाही ती जागा कोरी ठेवा. तेथे १ जुलै लिहू नका.